कोंडलेला श्वास: कानापासून काळजापर्यंत

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञानाचा मास्तर व्यायामशाळेत कशाला शिरला. खुलासा आधीच करून टाकतो. आमच्या दारावरच्या पाटीवर 'डॉ.' लिहिलंय ते पीएचडीचं. सोसायटीतली मंडळी अधूनमधून बीपीचे कागद घेऊन येतात, त्यांना आम्ही चहा पाजून परत पाठवतो. तेव्हा कोणी किती वजन उचलावं हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी सांगायचं आहे. आम्ही सांगणार आहोत तो इतिहास, आणि त्यात अडकलेला एक विचाराचा गुंता.

गुंता असा. जड वस्तू उचलताना माणूस छाती भरून श्वास घेतो, घसा आतून बंद करतो आणि जोर लावतो. तालमीतला वस्ताद सांगतो, 'दम धर आणि उचल.' हृदयाचे डॉक्टर सांगतात, 'श्वास अजिबात रोखू नका, बीपी वाढेल.' दोघेही अनुभवाने बोलतात. आणि आमच्या वयाच्या माणसाची पंचाईत अशी की हाडं ठिसूळ होऊ नयेत, स्नायू झडू नयेत म्हणून वजनं उचला असंही सांगितलं जातं, आणि सकाळी बीपीची गोळीही चालू असते. मग ऐकायचं कोणाचं? याचं उत्तर शोधताना आम्हाला असं दिसलं की एकाच शारीरिक क्रियेकडे गेली तीनशे वर्षं वेगवेगळी माणसं वेगवेगळ्या खिडक्यांतून बघत आली, आणि प्रत्येकाने मोजलं ते खरंच मोजलं, पण 'दाब' म्हणजे कशाच्या तुलनेत दाब, हा प्रश्न विचारायला फार उशीर झाला.

सुरुवात कानापासून होते. या क्रियेला डॉक्टर लोक 'व्हल्साल्व्हा' म्हणतात. आंतोनियो मारिया व्हल्साल्व्हा हा इटलीतल्या इमोला गावचा, जन्म १६६६ चा. शिकला आणि शिकवलं ते बोलोन्यात. त्याचा गुरू माल्पिगी, ज्याने सूक्ष्मदर्शकातून केशवाहिन्या पाहिल्या, आणि शिष्य मोर्गान्यी, ज्याने रोगाची जागा प्रेतात शोधायला वैद्यकाला शिकवलं. अशा दोन थोरांच्या मधला हा माणूस. १७०४ साली त्याने मानवी कानावर ग्रंथ लिहिला. त्यात एक उपाय दिला: नाक-तोंड मिटून जोराने हवा ढकला, म्हणजे मधल्या कानात साठलेला पू बाहेर यायला मदत होते. विमान उतरताना कान दडा धरतात तेव्हा आपण जे करतो तेच. हृदयाचा, रक्तदाबाचा त्यात संबंध नाही. ज्या गोष्टीसाठी आज त्याचं नाव जगातल्या प्रत्येक इस्पितळात घेतलं जातं, ती त्याच्या मनातही नव्हती. इतिहासात नावं अशीच चिकटतात.

हृदयाकडे वळायला आणखी दीडशे वर्षं लागली, आणि ती कथा जास्त रंगतदार आहे.

लाइप्झिगमध्ये वेबर नावाचे भाऊ होते. थोरला एर्न्स्ट हाइनरिश, धाकटा एदुआर्द. १८४५ साली दोघांनी मिळून दाखवलं की मेंदूतून हृदयाकडे जाणाऱ्या एका मज्जातंतूला विजेचं उद्दीपन दिलं तर हृदयाचे ठोके थांबतात. त्याआधी समज असा की मज्जातंतू उत्तेजित झाला म्हणजे काम वाढणार. इथे तो काम थांबवत होता. साहजिकच पुढचा प्रश्न आला: मग माणूस स्वतःच्या इच्छेने हृदय थांबवू शकेल का?

एदुआर्दने हा प्रयोग स्वतःवर केला. १८५१ साली त्याने लिहिलं की खोल श्वास घेऊन, घसा बंद करून, छाती आवळून धरली की मनगटातली नाडी लागेनाशी होते आणि हृदयाचे आवाजही ऐकू येईनासे होतात. एकदा त्याने हे जरा जास्तच वेळ धरलं आणि तो बेशुद्ध पडला. आजूबाजूच्यांना त्याच्या चेहऱ्याचे स्नायू आचके देताना दिसले. पण वेबरची खरी कमाई बेशुद्ध पडणं नव्हे; कारण त्याने बरोबर ओळखलं. छातीतला दाब वाढला की बाहेरून छातीकडे परतणाऱ्या शिरा दबतात, रक्त हृदयापर्यंत पोचतच नाही. विहिरीत पाणीच नसेल तर मोट कितीही ओढा, पाटात काय येणार?

इथे आमच्यासारख्याचे कान टवकारतात. नाडी लागत नाही म्हणजे हृदय थांबलं, हे अनुमान आहे, प्रत्यक्ष नव्हे. आणि या अनुमानाने पुढे आपल्याच देशात बरीच गंमत केली.

योगी इच्छेने हृदय थांबवतात अशी ख्याती होती. १९३५ साली तेरेज ब्रॉस नावाची फ्रेंच हृदयतज्ज्ञ ईसीजीचं यंत्र घेऊन भारतात आली. तिने घेतलेल्या आलेखांवरून असा बोलबाला झाला की योग्याचं हृदय जवळजवळ थांबतं. मग १९५७ च्या सुमारास अमेरिकेतून वेंगर आणि बागची आले, दिल्लीचे बी. के. आनंद त्यांना मिळाले, आणि १९६१ साली त्यांनी निष्कर्ष छापले. चार योगी तपासले होते. त्यांपैकी तिघांची पद्धत एकच निघाली: श्वास रोखायचा, कंठद्वार बंद करायचं, पोट आणि छातीचे स्नायू घट्ट आवळायचे. नाडी बोटाला लागेना, स्टेथोस्कोपमधून हृदयाऐवजी आवळलेल्या स्नायूंचाच आवाज येई. पण ईसीजीवर हृदय आपलं काम करतच होतं. म्हणजे वेबरने लाइप्झिगमध्ये केलं तेच. चौथ्याची गोष्ट वेगळी होती, त्याची गती खरोखरच मंदावत होती, ती आज बाजूला ठेवू.

काही लोकांना हे वाचून योग उघडा पडल्यासारखं वाटतं. आम्हाला नाही वाटत. इच्छेने रक्ताचा प्रवाह इतका बदलता येतो हेच काय थोडं आहे? शिवाय या तपासणीची परंपरा आपल्याकडे परक्यांनी आणली असंही नाही. स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, बडोद्याला प्रोफेसर माणिकराव यांच्या आखाड्यात शरीर कमावलेले. त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. त्यांनी नौली करताना आतड्यातला दाब मोजला, तर तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो असं दिसलं. वजन उचलताना होतं त्याच्या बरोबर उलट. मुद्दा एवढाच की आखाड्यातून आलेल्या माणसाने पाऱ्याची नळी हातात घेतली, आणि शरीराच्या पोकळीत दाब किती हे विचारलं.

आता दाबाकडे येऊ. रक्ताचा दाब पहिल्यांदा मोजला तो इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने. त्याने घोडीच्या धमनीत पितळी नळी बसवून तिला उंच काचेची नळी जोडली. रक्त ८ फूट ३ इंच चढलं. १७३३ साली ते छापलं गेलं. रक्ताऐवजी पारा वापरला की नळी आखूड पुरते, कारण पारा फार जड. म्हणून आजही आपण मिलिमीटर पारा म्हणतो. आपला वरचा १२० असेल तर रक्ताचा स्तंभ साधारण पाच फूट चढेल, असं समजा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१८९६ साली रिव्हा-रोच्चीने दंडाला बांधायचा पट्टा काढला, १९०५ मध्ये कोरोत्कॉफने त्याखालचे आवाज ऐकायची रीत दाखवली, आणि बीपी घरोघर पोचलं. पण पट्टा फुगवून उतरवायला अर्धा मिनिट जातो. वजन डोक्यावर जातं दोन-तीन सेकंदांत. तेवढ्यात आत काय उलथापालथ होते ते पट्ट्याला कळणार कसं? वादळ येऊन गेल्यावर अंगणात खुर्ची टाकून बसण्यासारखं ते.

ते टिपलं अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टाच्या वैद्यकीय महाविद्यालयात. हॅमिल्टन आणि त्याचे सहकारी वुडबरी आणि हार्पर यांनी धमनीत सुई घालून, आरशावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाने क्षणोक्षणीचा दाब नोंदवला. १९३६ सालचा हा लेख. त्यातून या क्रियेचे चार टप्पे नीट दिसले, आणि ते आजही तसेच शिकवले जातात.

श्वास कोंडून जोर लावताच छातीतला दाब वाढतो, तो आतल्या महाधमनीलाही दाबतो, आणि रक्तदाब एकदम उसळतो. हा पहिला टप्पा, दोन-तीन सेकंदांचा. जोर तसाच धरून ठेवला तर वेबरने सांगितलेलं सुरू होतं: परतणारं रक्त घटतं, हृदयाचा प्रत्येक ठोका उणा पडतो, दाब खाली येतो. शरीर सावध होऊन ठोके वाढवतं, रक्तवाहिन्या आवळतं, दाब थोडा सावरतो. हा दुसरा. मग श्वास सोडला की छातीतला बाहेरचा आधार अचानक जातो, दाब क्षणभर आणखी खचतो. तिसरा. आणि मग अडलेलं सगळं रक्त हृदयात लोटतं, पण वाहिन्या अजून आवळलेल्याच असतात, त्यामुळे दाब नेहमीपेक्षा वर उसळी मारतो आणि ठोके मंदावतात. चौथा. नळाला बोट लावून धरलं आणि काढलं की काय होतं ते पाहिलंय ना, थोडंफार तसं.

पण हॅमिल्टनच्या लेखातलं आम्हाला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे टप्पे नव्हेत. त्याने एकाच वेळी तीन ठिकाणी दाब मोजला: छातीत, धमनीत आणि मणक्यातल्या द्रवात. आणि दिसलं असं की छातीतला दाब जितका वाढतो, साधारण तितकाच मणक्यातल्या द्रवाचाही वाढतो. हाच द्रव मेंदूभोवती आहे. म्हणजे मेंदूतल्या रक्तवाहिनीत आतून दाब वाढला खरा, पण त्याच क्षणी बाहेरूनही वाढला. वाहिनीच्या भिंतीला सोसावा लागतो तो आतला दाब नव्हे. आत आणि बाहेर यांच्यातला फरक.

इथे थोडं थांबू. दाब हा गुण नाही, संबंध आहे. 'राम उंच आहे' हे वाक्य पूर्ण वाटतं, पण 'राम मोठा भाऊ आहे' म्हटलं की कोणाचा हे विचारावंच लागतं. बीपीचा आकडा आपण पहिल्या प्रकारचा समजतो, आणि तो असतो दुसऱ्या प्रकारचा. पट्ट्यावरचा १२० म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा १२० जास्त. पण धमनीच्या भिंतीला बाहेरच्या हवेशी काय देणं-घेणं? तिच्या भोवती काय आहे ते तिला महत्त्वाचं.

हे मनात ठेवून आता १९८५ कडे चला. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात मॅकडूगल आणि सहकाऱ्यांनी पाच कसलेल्या शरीरसौष्ठवपटूंच्या दंडाच्या धमनीत कॅथेटर बसवला आणि त्यांना जवळजवळ कमाल वजनावर पायांनी लेग प्रेस करायला लावलं, थकून थांबेपर्यंत. सरासरी दाब गेला ३२० वर २५०. एकाचा तर ४८० वर ३५० च्याही पुढे. एका हाताने डंबेल वळवतानाही सरासरी २५५ वर १९० होता. मघाचा हिशेब लावा: ४८० मिलिमीटर पारा म्हणजे रक्ताचा स्तंभ सुमारे वीस फूट. दुमजली घराच्या गच्चीपर्यंत.

हा आकडा जगभर फिरला, आणि का फिरणार नाही? दवाखान्यात १८० दिसला तरी डॉक्टर भुवया उंचावतात. पण हे पाचही जण उठून घरी गेले. का? एक तर हा आकडा नुसत्या श्वास कोंडण्याचा नव्हता. मांडीचे आवळलेले स्नायू आतल्या रक्तवाहिन्या पिळून बंद करतात, रक्ताला जायला वाट राहत नाही, शिवाय मज्जासंस्था जोर लावायच्या वेळी दाब मुद्दाम वाढवते. कोंडलेला श्वास त्यात भर घालतो. आणि दुसरं हॅमिल्टनचं. उदाहरणादाखल, धमनीत ३०० आणि छातीत १०० असेल, तर छातीत बसलेल्या हृदयाच्या भिंतीला सोसायचा फरक २०० चा. तीनशेचा नाही. २००१ साली कॅनडातच हेकोव्स्की आणि सहकाऱ्यांनी लेग प्रेस करताना हृदयाची सोनोग्राफी केली. थोडा वेळ श्वास कोंडून वजन ढकलताना डाव्या जवनिकेच्या भिंतीवरचा ताण अपेक्षेसारखा वाढलेला दिसला नाही. वस्तादाचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं.

वस्तादाच्या बाजूने अजून एक साक्ष आहे. १९५७ मध्ये बार्टेलिंक याने दाखवलं की जड उचलताना पोटातला वाढलेला दाब कण्याला आतून टेकू देतो, कमरेच्या चकत्यांवरचा भार हलका करतो. फुगवलेला फुगा जसा वाकत नाही. म्हणून तर कमाल ताकदीच्या साधारण ८० टक्क्यांपुढे गेलं की श्वास कोंडायचा नाही म्हटलं तरी तो कोंडला जातोच. तालमीत नाल उचलणारा, बंदरावरचा हमाल, बाळंत होणारी बाई, यांना कोणी शिकवायला गेलं नव्हतं.

मग डॉक्टरांचं काय? डॉक्टर घाबरट असतात म्हणून सोडून द्यायचं? नाही. टेकू सगळीकडे सारखा पोचत नाही, आणि भिंत सगळ्यांची सारखी नसते, या दोन गोष्टी ते जाणतात.

डोळ्याचं उदाहरण घ्या. शिरांतून मागे साठलेला दाब डोळ्याच्या पडद्यातल्या नाजूक केशवाहिन्यांपर्यंत जातो, आणि कधी एखादी फुटते. माणसाला अचानक समोर लाल-काळा डाग दिसतो. १९७२ साली ड्युएन या नेत्रतज्ज्ञाने याला नाव देताना व्हल्साल्व्हालाच साक्षीला घेतलं. बहुतेकांची नजर काही आठवड्यांनी निवळते.

त्याहून गंभीर म्हणजे धमनीचा फुगवटा. काहींच्या मेंदूतल्या किंवा छातीतल्या धमनीला एका जागी फुगा आलेला असतो आणि त्याचा त्यांना पत्ताच नसतो. १९९६ मध्ये हेकोव्स्की यांनीच वजनं उचलताना मेंदूतला असा फुगा फुटलेल्या तिघांची नोंद छापली. २००३ मध्ये येलच्या एलेफ्तेरियादेस यांनी जोर लावताना महाधमनी फाटलेल्यांची नोंद केली. तिथेही आधी न कळलेला फुगवटा होता. न्यायदर्शनात समवायी कारण आणि निमित्त कारण असा भेद करतात. घडा मातीचा, घडवतो कुंभार. इथे माती म्हणजे ती कच्ची भिंत, आणि श्वास कोंडणं हे निमित्त. निमित्त हजारांच्या वाट्याला रोज येतं आणि काही होत नाही. पण तुमच्या आतली माती कशी आहे हे तुम्हाला बाहेरून कळत नाही, सारी अडचण तिथे आहे. त्यामुळे 'आमचे आजोबा ऐंशीव्या वर्षी पोतं उचलायचे' हा पुरावा आजोबांपुरताच.

उलट्या बाजूचा धोकाही सांगायला हवा, कारण सगळं लक्ष दाब वाढण्याकडे जातं. १९७३ मध्ये लॅन्सेट साप्ताहिकात कॉम्प्टन, हिल आणि सिंक्लेअर यांनी वजन उचलणाऱ्यांना येणाऱ्या अंधारीवर लिहिलं. खेळाडू आधी भराभर श्वास घेतो, त्याने मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. उकिडवा बसून उठतो. मग श्वास कोंडून जोर लावतो आणि दाब घसरतो. तिन्ही एकत्र आले की डोळ्यांपुढे काळोख. वजन डोक्यावर आणि माणूस शुद्धीवर नाही, यात अपघात कशाने होईल हे सांगायला डॉक्टर नको.

आता नित्य वजनं उचलणाऱ्याच्या हृदयाचं काय होतं, याबद्दल १९७५ सालचा मॉर्गनरॉथ यांचा अभ्यास प्रसिद्ध आहे. लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या हृदयाचा कप्पा मोठा झालेला, तर कुस्तीगीर आणि गोळाफेक करणाऱ्यांच्या हृदयाच्या भिंती जाड झालेल्या आढळल्या. पुढे यावर बराच वाद झाला, दोन खाने इतके चोख नसतात असं ठरत गेलं. ते आज नको.

आमच्या वयाच्या लोकांनी विचारलेल्या प्रश्नाकडे परत येतो. १९९५ मध्ये नार्लोक आणि ब्रँडस्टेटर यांनी साधी तुलना केली: तेच कमाल वजन, तोच लेग प्रेस, एकदा कंठ बंद ठेवून आणि एकदा हळूहळू श्वास सोडत. कंठ बंद असताना सरासरी ३११ वर २८४. श्वास सोडत ढकललं तेव्हा १९८ वर १७५. एवढा फरक फक्त घसा उघडा ठेवल्याने. हृदयरोग्यांच्या व्यायामाच्या सूचनांत 'उचलताना श्वास सोडा' असं जे लिहिलेलं असतं त्यामागे असे आकडे आहेत. आणि ते वस्तादाशी भांडतही नाहीत, कारण कण्याला टेकू लागतो तो कमाल वजनाला. अर्ध्याहून कमी वजनाला, जे आपण उचलणार, तिथे श्वास कोंडायची गरजच पडत नाही. पडू लागली तर वजन जास्त झालं असं समजावं आणि खाली ठेवावं. आमच्या डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं ते असं: 'सर, उचलताना आकडे मोठ्याने मोजा.' तोंडाने 'एक, दोन, तीन' म्हणणाऱ्याचा कंठ बंद राहू शकत नाही. शिकवण्यात चाळीस वर्षं बोलण्यात गेली, तेव्हा हे पथ्य आम्हाला जड नाही.

ज्यांच्या डोळ्याची नुकतीच शस्त्रक्रिया झालीय, हर्निया आहे, ज्यांच्या घरात धमनीच्या फुगवट्याचा इतिहास आहे, त्यांनी मात्र वजनाला हात लावण्याआधी विचारून घ्यावं. आणि हो, शौचाला बसून कुंथणं हीसुद्धा हीच क्रिया आहे, चारही टप्प्यांसकट. व्यायामशाळेत न जाणाऱ्यांनी स्वतःला यातून मोकळं समजू नये. बद्धकोष्ठाची तक्रार डॉक्टरांना सांगायला आपल्याकडे लोक लाजतात, बीपीची सांगतात. दोन्ही एकाच भेटीत सांगा.

प्रश्न असतील तर विचारा. गोळ्यांची नावं सोडून.